गाडाभर पोथ्या आणि एक गोष्ट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुमच्या घरी तीन पिढ्यांची वारी. चार वर्षांपूर्वी नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला आलात आणि गुरबाणीनं, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबमधल्या वाणीनं, धरलं. गुरुमुखी शिकलात, टीका (अर्थ उलगडणारे ग्रंथ) जमवल्या, व्याकरणात शिरलात. आता गुरुद्वारात बसलं की कान पाठीच्या, म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्याच्या, चुकांवर. विशराम (वाचतानाचा थांबा) चुकला, कुठे कन्ना (‘आ’ची मात्रा) गाळला, की दिवसभर डोक्यात तेच. शेजारी तुमची आई. तिला गुरुमुखीचं एक अक्षर येत नाही. ती माथा टेकते, लंगरात दोन तास पोळ्या लाटते आणि प्रसन्न चेहऱ्यानं घरी येते. गुरबाणीत पंडितांची जागोजागी हजेरी घेतलेली आहे, मग हा सगळा अभ्यास सोडून नुसतं नाम घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. ज्या ओळींवरून तुम्ही या टोकाला आलात, त्या आधी पुन्हा वाचा. तुमचा अभ्यास जास्त झालाय असं मला वाटत नाही. एका जागी तो कमी पडलाय, आणि ती जागा नेमकी व्याकरणाचीच आहे.

मी नांदेडचा. घरात पंजाबी, दारात मराठी, असे आम्ही दख्खनी शीख. गेली सत्तावीस वर्षं मुलांना संथा देतो. हा शब्द तुम्हाला नवा नसणार. वेदपाठशाळेत जी संथा, तीच आमची संथिआ: समोर बसायचं, ओळ ऐकायची, तशीच म्हणून दाखवायची, चुकली की पुन्हा. तेव्हा शुद्ध पाठाची किंमत मला कुणी सांगायला नको. माझी भाकरी त्यावरच आहे.

आता ती ओळ. आसा दी वार ही ग्रंथातली लांब रचना पहाटेच्या कीर्तनात गातात, म्हणजे हे शब्द गुरुद्वारांतून रोज सकाळी कानावर पडतात:

पड़ि पड़ि गडी लदीअहि पड़ि पड़ि भरीअहि साथ ॥
पड़ि पड़ि बेड़ी पाईऐ पड़ि पड़ि गडीअहि खात ॥
पड़ीअहि जेते बरस बरस पड़ीअहि जेते मास ॥
पड़ीऐ जेती आरजा पड़ीअहि जेते सास ॥
नानक लेखै इक गल होरु हउमै झखणा झाख ॥

अंग ४६७ (ग्रंथाच्या पानाला आम्ही अंग म्हणतो). गाडे भरतील एवढं वाच, तांडे लादले जातील एवढं वाच, नावा भरतील, खड्डे बुजतील एवढं वाच. वर्षानुवर्षं वाच, महिनोन्‌महिने वाच, आयुष्यभर वाच, श्वासागणिक वाच. हिशेबात धरली जाईल ती एकच गोष्ट. बाकी सगळी अहंकाराची बडबड.

या ओळीवर मी तुमच्यासारखे बरेच अभ्यासू अडखळताना पाहिलेत, आणि त्याहून जास्त लोक तिचा दगड करून दुसऱ्याला मारताना पाहिलेत. कथेत, म्हणजे गुरुद्वारातल्या प्रवचनात, ही ओळ आली की ऐकणाऱ्याच्या मनात कोण उभं राहतं? काशीचा पंडित, नाहीतर काजी. पाचशे वर्षांपूर्वीचा कुणीतरी परका माणूस. पण शेवटच्या ओळीतला पहिला शब्द बघा. ‘नानक’. ‘नानकु’ नव्हे.

हा फरक मराठी माणसाला पटकन समजतो, म्हणून मुद्दाम सांगतो. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशु, प्रकाशु, दासु असे उकारान्त शब्द येतात ना? गुरबाणीतही पुल्लिंगी एकवचनी नाम कर्ता असलं की बहुधा शेवटी उकार येतो, त्याला औंकड़ म्हणतात. पाठ करताना तो उच्चारत नाहीत (मराठी माणूस हमखास ‘नामू’ म्हणतो, तुम्हीही म्हणत असाल), पण अर्थ त्याच्यावर टांगलेला असतो. ‘नानकु आखै’ म्हणजे नानक म्हणतो. उकार नसलेला ‘नानक’ अशा ठिकाणी संबोधन असतो: हे नानका. तेव्हा आसा दी वारेत गुरू नानक कुणा पंडिताला ऐकवत नाहीयेत. ते स्वतःला हाक मारून सांगताहेत की बाबा रे, हिशेबात एकच गोष्ट धरली जाते.

व्याकरणाच्या अभ्यासाचं फळ असेल तर हे. ज्याला औंकड़ कळली आणि तरीही ती ओळ त्यानं शेजाऱ्याकडे वळवली, त्याला औंकड़ कळली नाही, एवढंच मी म्हणेन.

उकार असलेला ‘नानकु’ कुठे येतो तेही बघून घ्या. सारंग की वारेत, अंग १२४५ वर:

अकलि एह न आखीऐ अकलि गवाईऐ बादि ॥
अकली साहिबु सेवीऐ अकली पाईऐ मानु ॥
अकली पड़ि कै बुझीऐ अकली कीचै दानु ॥
नानकु आखै राहु एहु होरि गलां सैतानु ॥

वादात उधळली जाते तिला अक्कल म्हणू नये. अकलेनं मालकाची सेवा करावी, अकलेनं वाचून समजून घ्यावं, दान द्यायचं तेही अकलेनं. नानक म्हणतो, वाट ही; बाकीच्या गोष्टी सैतानाच्या. इथे मात्र तो आपल्याला सांगतोय, उघड, जगाला. ‘पड़ि कै बुझीऐ’. वाचायचं आणि उमजून घ्यायचं. भोळ्या भक्तीच्या नावाखाली पुस्तक मिटायला सांगणाऱ्यांनी हा सलोक कधीतरी मोठ्यानं म्हणून बघावा.

मग ‘पड़िआ मूरखु’ कोण? माझ की वारेत गुरू नानकांनी त्याचीही व्याख्या करून ठेवली आहे: पड़िआ मूरखु आखीऐ जिसु लबु लोभु अहंकारा. आपल्याकडे समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणं सांगितली, त्याच्या शतकभर आधी तोच शब्द पंजाबीत आलेला आहे. हाव, लोभ आणि अहंकार. यात उच्चार चुकणं नाही, अर्थ न येणं नाही, की अर्थ फार येणंही नाही.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. गाडाभर पोथ्यांच्या सलोकाला लागूनच दुसरा सलोक आहे. त्याची सुरुवात ‘लिखि लिखि पड़िआ ॥ तेता कड़िआ ॥’ अशी. जितकं लिहिलं-वाचलं तितका माणूस करपला. पण लगेच पुढे: ‘बहु तीरथ भविआ ॥ तेतो लविआ ॥’ जितकी तीर्थं फिरला तितका बडबडला. मग वेष धारण करणारे येतात, अन्न सोडणारे येतात, मौन धरणारे येतात. म्हणजे पोथीवाल्याच्या पाठोपाठ, त्याच रांगेत, भक्तीचं प्रदर्शन करणारेही उभे केलेत. गुरबाणीत विद्वान एका बाजूला आणि भक्त दुसऱ्या बाजूला अशी वाटणी कुठेच नाही. पोकळ पांडित्य असतं तशी पोकळ भक्तीही असते, आणि माझ्या अनुभवात दुसरी ओळखायला जास्त अवघड. पंडिताचा अहंकार बोलतो तरी. सेवेतला अहंकार हात जोडून उभा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. तेविशी-चोविशीत मी अखंड पाठाला, म्हणजे न थांबता चालणाऱ्या संपूर्ण ग्रंथाच्या वाचनाला, रौल लावायला जायचो. रौल म्हणजे पाठीची दोन तासांची पाळी. गुरू ग्रंथ साहिबचे अंग १४३०, अखंड पाठाला साधारण ४८ तास. भागून बघा, तासाला तीसेक अंग, एका अंगाला दोन मिनिटं. एवढ्या वेगात स्पष्ट वाचायला तयारी लागते आणि माझी होती. तेवढ्यावर भागत नव्हतं म्हणून मी दोन तासांत साठच्या पुढे किती जातो ते मोजायचो. एका घरी रात्री दोनची रौल होती. घरातले झोपलेले, बाहेरच्या खोलीत कुणीतरी टीव्ही चालू ठेवलेला. मी दणदणीत वाचत होतो, एक लगमात्रा न गाळता. चारला दुसरे पाठी आले, माझ्या मागून ओळ उचलून सुरू झाले. सकाळी चहाला त्यांनी सहज विचारलं, रात्री तुझ्याकडे कुठला राग होता? (ग्रंथाची मांडणी गाण्याच्या रागांनुसार आहे.) मला सांगता येईना. साठ-सत्तर अंग तोंडातून गेले होते आणि राग मारू होता की भैरउ, हेही आठवत नव्हतं. ते हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. कप खाली ठेवला आणि उठले.

त्यांनी ते आमच्या उस्तादांच्या कानावर घातलं असावं. उस्तादांनी मला तीन महिने पाठाला बसवलं नाही, जोडेघरात, म्हणजे येणाऱ्यांचे जोडे सांभाळायच्या जागी, बसवलं. तुम्हाला वाटेल, तिथे माझा अहंकार गळून पडला. छे. महिन्याभरात मी जोडे मोजायला लागलो होतो. कोण किती पुसतो, कुणाच्या जोड्याला चकाकी जास्त. शेजारचा सेवादार भराभरा हात मारायचा, त्याचा मला राग यायचा. पाठीच्या चुकांवर तुमचा कान जातो ना, अगदी तसा. रोग तोच, फक्त हातात पोथीऐवजी फडकं. आसा दी वारेतच दुसरे गुरू अंगद यांचा सलोक आहे, ‘हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि’. जुनाट रोग आहे, आणि औषधही याच्यातच आहे. दुसऱ्या अर्ध्यावर मी अजून विचार करतो.

त्या घरच्या अखंड पाठाबद्दल एक जोडून सांगतो. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली मंजूर केलेल्या सिख रहत मर्यादेत (शिखांच्या आचारसंहितेत) याबद्दल स्पष्ट लिहिलंय. पाठ शुद्ध आणि स्पष्ट हवा. ऐकणाऱ्याला समजणार नाही इतक्या वेगानं वाचणं हा बाणीचा अनादर आहे. पाठ घरच्यांनी, नात्यागोत्यातल्यांनी मिळून करावा; स्वतःला येत नसेल तर चांगल्या पाठीकडून ऐकावा. पण पाठी एकटा वाचतोय आणि घरचं कुणीच ऐकत नाही, असं होऊ नये. शेजारी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवू नये हेही तिथेच आहे. (हजूर साहिबची मर्यादा काही बाबतींत वेगळी आहे, तो विषय इथे नको.) म्हणजे त्या रात्री दोन वाजता अनादर आम्ही दोघांनीही केला. मी वेगानं, त्यांनी झोपून. त्यांची श्रद्धा नव्हती असं मी म्हणणार नाही. पैसे त्यांनी मनापासून खर्च केले होते. पण श्रद्धा कंत्राटावर दिली होती.

मग ‘इक गल’ म्हणजे नेमकी कुठली गोष्ट? टीकाकार नाम म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण नाम हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की मी मुलांना तो आधी सांगतच नाही. मी त्यांना तीन प्राणी सांगतो: एक शिंगरू, एक घोडा आणि एक वासरू.

शिंगरू सुलतानपूरचं. गुरू नानक तिथे नवाब दौलत खानाच्या मोदीखान्यात (धान्यकोठारात) काम करत होते. साखी, म्हणजे परंपरेनं आलेली गोष्ट, अशी की नवाबानं आणि काजीनं त्यांना नमाजाला नेलं. सगळे वाकले, नानक उभेच. काजी चिडला. नानक म्हणाले, तुम्ही तरी कुठे नमाज पढलात? तुमची घोडी व्यायली आहे, शिंगरू अंगणातल्या विहिरीत पडेल की काय, यात तुमचं चित्त होतं. आणि नवाबसाहेब काबूलला घोडे खरेदी करत होते. काजीचा शब्द चुकला नव्हता. अरबी उच्चार अगदी चोख असणार.

घोडा गुरू हरगोबिंदांच्या दरबारातला. गुरूंनी विचारलं, जपुजीचा (रोज सकाळी म्हणतात त्या गुरू नानकांच्या बाणीचा) शुद्ध पाठ कोण करून दाखवेल? भाई गोपाल पुढे आले. ते एकचित्त होऊन म्हणू लागले, आणि गुरू आसनावरून कडेकडेला सरकू लागले. परंपरा सांगते की ती गादीच त्यांना द्यायची होती. शेवटाला आले आणि भाई गोपालांच्या मनात आलं, गुरूंकडे तो नवा घोडा आहे, तो मिळाला तर! गुरू मागे टेकले. घोडा दिला. ही साखी मी संथेच्या पहिल्या आठवड्यात सांगतो, कारण तिच्यात गुरूंनी मागितलेला ‘शुद्ध’ हा शब्द ओठांपाशी संपत नाही. गंमत म्हणजे पोरं दर वेळी म्हणतात, घोडा मिळाला ना पण!

आणि वासरू आपल्या नामदेवांचं. गुरू ग्रंथ साहिबात त्यांचे ६१ शबद (पदं) आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. पण रामकली रागातला, अंग ९७२ वरचा हा शबद तुम्ही टीका बाजूला ठेवून वाचा. ‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले’. आणिले, काटिले, भराईले. पंजाबी मुलांना इथे अडतं, मराठी माणसाला नाही! पोरगा कागद आणतो, पतंग करतो, आकाशात सोडतो. चार जणांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर. मुली पाणी भरून आणतात. हसतात, थट्टा करतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरापाशी. आई बाळाला पाळण्यात निजवून घरातबाहेर कामं करते, चित्त बाळापाशी. ‘मनु राम नामा बेधीअले’, सोनाराचं चित्त जसं त्याच्या घडणीवर.

आता काजीचं शिंगरू आणि नामदेवांच्या गाईचं वासरू शेजारी ठेवा. दोघांचंही चित्त पिल्लापाशीच आहे. काजी नमाजात उभा राहून शिंगरापाशी गेला, गाय चरता चरता वासरापाशी राहिली. दोघांनाही तिथे जायला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्यावर जीव, तिकडे चित्त आपोआप गेलं. म्हणून एकाग्रतेचे व्यायाम करून हा प्रश्न सुटत नाही. जीव कुठे जडलाय हे बघावं लागतं, आणि ते बघण्याची सोपी जागा पाठाच्या वेळीच मिळते. पाठ चालू असताना मन कुठे पळतं ते टिपून ठेवा. तुमचं पाठीच्या चुकांवर पळतं. तुमचा जीव ‘मला येतं’ या गोष्टीवर आहे. वाईट वाटून घेऊ नका, माझाही होता.

त्याच पानावर नामदेवांचा आणखी एक शबद आहे, ‘बेद पुरान सासत्र आनंता गीत कबित न गावउगो’. अनंत वेद-पुराणं, शास्त्रं, गीतं, कवितं मी गाणार नाही. आणि हे ते एका कवितेत म्हणताहेत! कबीर मारू रागात विचारतात, ‘बेद पुरान पड़े का किआ गुनु खर चंदन जस भारा’. गाढवाच्या पाठीवर चंदनाचा भारा. वारकरी घरातले तुम्ही, तुकोबांची ओळ तुम्हाला आठवलीच असेल, इथे लिहीत नाही. पण चंदनाला कुणी वाईट म्हटलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता तुम्ही न विचारलेला पण प्रश्नाच्या पोटात असलेला मुद्दा. अर्थ न कळता केलेल्या पाठाला काही अर्थ आहे का? तुमच्या आईसारखं, नुसतं ऐकलेल्या बाणीला? गुरू हर राय यांना कुणीतरी हेच विचारलं होतं. साखीत सांगतात की गुरूंनी वाटेत फुटून पडलेल्या मडक्याच्या खापऱ्या दाखवल्या. कधीकाळी त्यात लोणी असायचं. मडकं फुटलं तरी उन्हात खापरीवर स्निग्धपणा पाझरत होता. बाणी ज्या हृदयात राहिली तिथे तिचा अंश असाच राहतो, मग समजो न समजो. मला ही साखी फार आवडते आणि मी ती जपून वापरतो. ज्याला समजून घेण्याची सोय नव्हती, त्याला ती धीर देते. ज्याच्या टेबलावर चार टीका पडल्या आहेत, त्यानं ती आळसाला पांघरूण म्हणून घेऊ नये. जपुजीत ‘सुणिऐ’च्या चार पौड्या (कडवी) आहेत, त्यानंतर ‘मंने’च्या चार. ‘पड़िऐ’ची एकही नाही. ऐकणं आणि मानणं. आईचं पहिलं चाललंय. दुसऱ्यात ती तुमच्या किती पुढे आहे ते तुम्हीच घरात बघत असाल.

त्याच गुरू हर राय यांच्या घरातली दोन मुलं मला या विषयात नेहमी आठवतात. थोरले राम राय. हुशार, वाक्चतुर, बाणी तोंडपाठ. औरंगजेबाच्या दरबारात त्यांना विचारलं गेलं की तुमच्या ग्रंथात ‘मिटी मुसलमान की पेड़ै पई कुम्हिआर’ असं का लिहिलंय. ओळ आसा दी वारेतलीच. अर्थ एवढाच की पुरलेल्या देहाचीही माती होते, ती कुंभाराच्या हाती लागते, भट्टीत भाजली जाते. जाळावं की पुरावं या वादात काय आहे? हे सांगण्याइतकं ज्ञान राम राय यांच्याकडे नक्की होतं. त्यांनी शब्द बदलला: ‘मुसलमान’ नाही, ‘बेईमान’ आहे म्हणाले. बादशहा खूश. गुरूंनी मुलाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. एका शब्दासाठी.

पाठाच्या शुद्धतेला कुणी कर्मठपणा म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो. आमच्याकडे शब्द जपणं हे नुसतं शास्त्र नाही, ती निष्ठा आहे. राम राय यांचं ज्ञान कमी पडलं नव्हतं. नको त्या माणसाला खूश करायला ते कामी आलं होतं.

१६६१ मध्ये गादी धाकट्या हर क्रिशनांकडे गेली. वय वर्षं पाच. पुढे दिल्लीला जाताना अंबाल्याजवळ पंजोखऱ्याला पंडित लाल चंद आडवे आले: नावात क्रिशन लावतोस, गीतेचा अर्थ सांगून दाखव. बालगुरूंनी गावातल्या छज्जू नावाच्या निरक्षर पाणक्याला पुढे बोलावलं, त्याच्या डोक्यावर छडी टेकवली आणि त्यानं गीतेचा अर्थ सांगितला, अशी साखी आहे. तिच्यावरून ‘शिकायची काय गरज’ असं प्रवचन मी डझनभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला कंटाळा आला आहे. पंडिताला गीता येत होती. त्याला उत्तर नको होतं, पाच-सात वर्षांच्या मुलाला खाली बघायला लावायचं होतं. छज्जूच्या तोंडून त्याला ज्ञान मिळालं की नाही ते बाजूला ठेवा. ज्याच्या हातचं पाणीही एरवी त्यानं घेतलं असतं की नाही कोण जाणे, त्याच्यासमोर त्याला ऐकत उभं राहावं लागलं. परंपरा सांगते, तो पुढे शीख झाला. म्हणजे ऐकू आलं त्याला.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, जमलं तर बघा. रोज एकच शबद, तोही सकाळच्या वाकातला, म्हणजे सकाळी ग्रंथ उघडल्यावर वाचतात त्यातला. आधी मोठ्यानं, माझ्या कानाला ऐकू येईल इतक्या सावकाश, दोनदा. मग ‘रहाउ’ची ओळ शोधायची. रहाउ म्हणजे थांबा. शबदाचा गाभा बहुधा त्या ओळीत असतो. ती दिवसभर बरोबर ठेवायची. टीका रात्री. मी प्राध्यापक साहिब सिंघांचं दर्पण उघडतो, दहा खंडांचं काम, व्याकरण धरून अर्थ लावणारं. पण सकाळी नाही. सकाळी उघडलं की मी त्यांच्याशी वाद घालायला लागतो आणि शबद राहून जातो. अखंड पाठाच्या भानगडीत तुम्ही सध्या पडू नका. सहज पाठ, म्हणजे सवडीनं संपूर्ण ग्रंथ वाचणं, धरा, वर्ष लागू दे, दोन लागू देत.

व्याकरण चालूच ठेवा. फक्त ते ‘नानक’कडे वळवून वाचा, संबोधनाच्या जागी स्वतःचं नाव घालून. आसा रागात गुरू नानक म्हणतात, ‘विदिआ वीचारी तां परउपकारी’. विद्येवर विचार झाला की ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. तुमच्या अभ्यासाचा चार वर्षांत कुणाला उपयोग झाला? गल्लीतल्या एखाद्या मुलाला पैंती, म्हणजे गुरुमुखीची ३५ अक्षरं, शिकवलीत तरी पुष्कळ. शिकवताना स्वतःला किती येत नाही हे कळतं, तो फायदा वेगळाच.

पाठी चुकला तर? खरोखर चुकला असेल तर सांगायलाच हवं, राम राय यांची गोष्ट त्यासाठीच आहे. पण समाप्ती होऊ द्या, ते बाहेर येऊ देत, मग जोडेघरापाशी, चार लोकांत नाही, हळू आवाजात: जी, अमुक अंगावर माझ्या ऐकण्यात असं आलं, जरा बघाल का? निम्म्या वेळा तुमचंच ऐकणं चुकलेलं निघेल. माझं निघतं.

राहिली आई. तिला अर्थ सांगायला जाऊ नका. विचारलं तर तेवढंच सांगा. कबीरांच्या सलोकांत एक संवाद आहे. त्रिलोचन नामदेवांना म्हणतात, नाम्या, तू कापड छापत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर, ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातपायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. त्याच्यावर टीका बऱ्याच आहेत, सगळ्या वाचा. पण पुढच्या रविवारी गेलात की दरबारातून उठून एक तास लंगरात आईच्या शेजारी लाटणं घेऊन बसा. तिथे पोळीला परशादा म्हणतात. तुमचे पहिले वीस-पंचवीस वाकडे होतील आणि तिथल्या बायका मोठ्यानं, सगळ्यांदेखत, तुमच्या चुका काढतील.